आप्पांची परखी

पोतं तोंडाशी बघून घेऊ नये, असं आप्पा म्हणायचे. तोंडाशी टपोरी तूर असते, मधे चाळणीखालची आणि बुडाशी माती. लातूरच्या आडत बाजारात उभी उमर घालवलेल्या माणसानं तुरीबद्दल असं म्हणावं, याला कुणाची हरकत नव्हती. पण आप्पांनी आडत धाकट्या भावाच्या हवाली केली, गावाबाहेर मुरुडच्या रस्त्याला एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये मूकबधिर मुलांची निवासी शाळा काढली, आणि तुरीचा कायदा देणगीदारांना लावला. पोत्याच्या पोटात खुपसून आतले दाणे बाहेर काढायची लोखंडी परखी त्यांच्या काळ्या कोटाच्या खिशात कायम असे. शाळेत तिचा उपयोग शून्य. बोलता बोलता मात्र ते ती बाहेर काढत आणि समोरच्यावर रोखत. समोरचा माणूस मदत द्यायला आलेला असला, तर तो खुर्ची जराशी मागं घेऊन बसे.

बाजारातले लोक म्हणत, हा माणूस भीक मागायला जातो आणि भाकरीचं पीठ कुठल्या गिरणीचं ते विचारतो. आप्पांच्या कानावर ते जायचं. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "मंग इचारू नको का? खायाचं तर आमच्याच पोरांला हाय."

मी नांदेडची. मुंबईला जाऊन बहिऱ्या मुलांना शिकवण्याचा रीतसर कोर्स केलेली, आणि त्या काळी आमच्या भागात असा कोर्स केलेली मीच एकटी, असा माझा समज होता. आम्हाला तिथं एक नियम पाठ करून घेतला होता: हात खाली. मुलांना हातवारे करू दिले की ती आळशी होतात, त्यांना ओठ वाचायला लावायचे, तोंडानं बोलायला लावायचं. हे सगळं मी मुलाखतीत आप्पांना उत्साहानं सांगितलं. आप्पांनी माझं प्रमाणपत्र हातात घेतलं, पुढून बघितलं, उलटं करून मागून बघितलं आणि म्हणाले, "मागं कोरंच हाय की."

मग विचारलं, "का ओ बाई, असं केल्यावर पोरं बोलाया लागतील?"

"काही लागतील. वर्षं जातात पण लागतात."

"आन् तवर?"

"तोवर काय?"

"तवर भूक लागली, पोटात दुखलं, तर कसं सांगायचं पोरांनी?"

आमच्या कोर्समध्ये पोटात दुखण्यावर धडा नव्हता. तरी त्यांनी मला ठेवून घेतलं. बहुतेक मी गप्प बसले म्हणून.

आप्पांना हातांची भाषा कुठल्या कोर्सनं शिकवलेली नव्हती. त्यांच्या तरुणपणी आडतीत भाव रुमालाखाली ठरत. घेणाऱ्यानं आणि विकणाऱ्यानं एका रुमालाखाली हात घालायचे, बोटं दाबायची, आणि भोवती उभ्या असलेल्या माणसांना काही कळायच्या आत सौदा संपायचा. आप्पांच्या दुकानावर एका हमालाचा बहिरा मुलगा दिवसभर बसून असे. करमणूक म्हणून आप्पा त्याला रुमालाखालच्या खुणा शिकवायला लागले. सहा महिन्यांत ते पोरगं रुमाल न उचलता, नुसतं वरून कापड कसं हलतंय ते बघून, भाव ओळखायला लागलं. बाजारात हलकल्लोळ झाला, आणि आप्पांच्या डोक्यात शाळा शिरली. त्यामुळं आमच्या शाळेतल्या निम्म्याअधिक खुणा आप्पांनी पाडलेल्या होत्या. आमच्या मुलांच्या भाषेत 'महाग'ला तीन वेगवेगळ्या खुणा होत्या, आणि 'आभाळ' म्हणायला कितीतरी दिवस एकही नव्हती.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. भाड्याच्या बंगल्यांवर ओल्या रंगाच्या पाट्या लागत होत्या, साहेब येत होते, साहेबांच्या खुर्च्या मागाहून येत होत्या. आधी प्रत्येक कागदासाठी उस्मानाबादला जावं लागायचं, ते बंद झालं म्हणून सगळे खुश होते. आप्पा तेवढे नाराज. "येष्टीत बसून इचार व्हायचा," म्हणायचे. "आता इचार करायच्या आत हाफिस येतंय." त्यात पावसानं दगा दिला. दुष्काळ आणि नवा जिल्हा अशी दोन्ही बिरुदं एकदम लागल्यामुळं आमच्याकडं मदत करणाऱ्यांची रीघ लागली. आप्पा म्हणायचे, "नवी नवरी आन् दुष्काळ, दोन्ही बघाया लोकं लांबून येत्यात."

ही तुलना त्यांनी सहज केलेली नव्हती. मदत घेणं म्हणजे मुलगी देणं, हे त्यांचं पक्कं मत होतं. आपली संस्था ही लेक, आणि पैसेवाला हे स्थळ. स्थळानं होकार दिला म्हणजे बापानं नाचायचं नसतं, बापानं घर बघायला जायचं असतं. मग आप्पा घर बघायला जात. औरंगाबादला एका मोठ्या विश्वस्त निधीच्या कचेरीत ते न कळवता गेले आणि साहेबांना न भेटता दिवसभर शिपायाच्या बाकावर बसून परत आले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "शिपाई येळेवर जेवत न्हाई. तिथं आपल्या पोरांचा घास येळेवर यील व्हय?" अर्ज आम्ही केलाच नाही.

गावातल्या एका क्लबानं मुलांना गणवेश द्यायचं ठरवलं. मोठा समारंभ, मंडप, नव्या जिल्ह्याचे नवे अधिकारी. क्लबाच्या अध्यक्षांनी आदल्या दिवशी येऊन विचारलं, "स्वागतगीत मुलं म्हणतील ना?" आप्पा शांतपणे म्हणाले, "म्हणतील की. तुमी तेवढी कान असलेली पोरं आणा." गणवेश आला नाही. एका बड्या व्यापाऱ्यानं स्टीलची ताटं दिली, वडिलांचं नाव ताटाच्या मधोमध कोरलेलं. ती ताटं आप्पांनी आठवड्यात परत पाठवली. कारण काय, तर वरण संपत आलं की खालून मेलेल्या माणसाचं नाव वर येतं आणि लहान मुलं शेवटचा घास ठेवून उठतात.

मला हे सगळं तेव्हा विनोदी वाटायचं आणि रागही यायचा. दिलेला प्रत्येक पैसा गिळून टाकावा इतकी आमची शाळा गरीब होती. आप्पांचे प्रश्न मात्र जहागीरदाराचे. तुम्ही जे देता ते आम्ही मागितलंय का? मागितलं त्याहून जास्त का देता? पुढच्या साली तुमचं मन फिरलं तर आमी कुठं जायाचं? आणि सगळ्यात आवडता प्रश्न: "आधी दिलेली पोरगी कुठं नांदती, तेवढं सांगा." म्हणजे यापूर्वी कुणाला मदत केलीत, त्या संस्थेचा पत्ता द्या, आम्ही जाऊन तिलाच विचारतो. या प्रश्नावर निम्मे देणगीदार उठून जात.

आता राजीबद्दल. हिमायतनगरकडच्या एका खेड्यातली ही मुलगी नऊ-दहा वर्षांची होऊन आमच्याकडं आली, तेव्हा तिला स्वतःला नाव आहे हेही माहीत नव्हतं. घरात तिला कुणी काही सांगू शकत नव्हतं आणि ती कुणाला काही विचारू शकत नव्हती. पहिले काही महिने ती भिंतीला पाठ लावून बसायची. मग एक दिवस तिच्या डोक्यात उजेड पडला की हाताच्या खुणेला अर्थ असतो, आणि तिनं आम्हा सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं. हे काय, ते काय, ही मुंगी कुठं चालली, आप्पांच्या कपाळावर भस्माचे पट्टे का, बाईंना नवरा का नाही. ती भांडायची, चहाड्या सांगायची, आप्पांच्या तुरुतुरु चालण्याची नक्कल करायची. हात खाली हा माझा नियम राजीनं मोडीत काढला. तिचे हात खाली ठेवणं म्हणजे तिच्या तोंडात बोळा कोंबणं, हे मला दिसत होतं. तरी मी वर्गात 'आ' आणि 'पा' घोटून घेतच होते. प्रमाणपत्राला जागायला नको?

त्या वर्षी शाळेची विहीर संक्रांतीनंतर आटली. टँकर आमच्या दारावरून जायचा, थांबायचा नाही. आमची शेड नगरपालिकेच्या हद्दीबाहेर होती आणि शेजारच्या गावाच्या शिवारातही नव्हती. नव्या जिल्ह्याच्या नकाशावर आम्ही कुणाचेच नव्हतो. आप्पा रोज नव्या कचेरीत जाऊन बसत, आणि नव्या कचेरीतले लोक त्यांना रोज उस्मानाबादच्या जुन्या कचेरीत विचारायला सांगत. पाणी नाही म्हणजे शाळा बंद, मुलं घरी. आणि मुलं घरी म्हणजे काय ते आम्हाला मागच्या उन्हाळ्यानं शिकवलं होतं. गेलेल्यांपैकी काही परत आलीच नव्हती, विशेषतः मुली. राजीचा बाप तर फाल्गुनातच येऊन गेला. बरा माणूस. दुष्काळी कामावर खडी फोडायला नवराबायको जाणार होती, तान्ह्याला सांभाळायला कुणीतरी पाहिजे होतं.

"न्हेतो म्हणलं तिला," तो आप्पांना म्हणाला. "हितं तरी काय, पाणीच न्हाई म्हणं."

"पुना आणशील का?"

बाप चपलांत पाय घालायला लागला. "बगू की," म्हणाला. आप्पांनी त्याला आणखी महिनाभर थांबायला सांगून लावून दिलं. कशाच्या जोरावर सांगितलं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

अशा वेळी मुंबईच्या एका मोठ्या संस्थेचे साहेब आले. आप्पांच्या सगळ्या परीक्षांना पुरून उरणारा मी पाहिलेला तो एकमेव देणगीदार. न सांगता आले, फोटोवाला आणला नाही. मुलांबरोबर जमिनीवर बसून ज्वारीची भाकरी आणि पातळ वरण जेवले. ड्रायव्हरला आधी वाढायला सांगितलं. पाण्याचा पेला अर्धाच घेतला. आप्पा बारीक डोळे करून बघत होते आणि बघता बघता हिरमुसत होते. कुठं बोट ठेवायला जागाच मिळेना. साहेब म्हणाले, बोअर आम्ही घेऊन देतो, पंप देतो, पत्र्याच्या जागी पक्की इमारत देतो, मुलांच्या कानांची यंत्रं देतो. अट एकच. शाळेत हातवारे बंद. वर्गातही आणि अंगणातही. त्यांची सगळी शाळा-योजना तोंडी भाषेसाठीच होती, त्यांच्या वरच्या मंडळींनी तसंच ठरवलेलं होतं. त्यांनी हे लपवलं नाही, आवाजही चढवला नाही. मला तर माझ्या कोर्समधलंच कुणीतरी भेटल्यासारखं झालं.

आप्पांनी शेवटचं हत्यार काढलं. "आधी दिलेली पोरगी कुठं नांदती?"

"भोकरला एक आहे," साहेब हसून म्हणाले. "मी सांगितलं म्हणून ऐकू नका. जाऊन विचारा."

आम्ही गेलो. लातूरहून नांदेड, नांदेडहून भोकर, दोन्ही बाजूंना करपलेलं रान आणि खिडकीतून येणारी धूळ. भोकरची ती संस्था चालवणाऱ्या बाई माझ्या आईच्या नात्यातल्या निघाल्या. बौद्ध वस्तीत त्यांनी मजूर बायांच्या लहान मुलांसाठी बालवाडी काढलेली होती. आम्हाला दिसली ती पक्की खोली, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि ओळीनं शिवणयंत्रं. मुली मान खाली घालून पिशव्या शिवत होत्या. बाईंनी चहा केला. आप्पांनी भीडभाड न ठेवता विचारलं, माणसं कशी आहेत?

"लई चांगली," बाई म्हणाल्या. "पैसा येळेवर. मानपान हाय. एका शब्दानं कधी बोलले न्हाईत."

"मंग बालवाडी कुठं हाय?"

बाईंनी पदर सारखा केला. "मी बालवाडीच मागितली होती, आप्पा. त्यांच्याकडं बालवाडीला पैसा नव्हता, शिवणाला होता. म्हणलं, घेऊ आधी शिवण, मागून बघू बालवाडीचं. आता मी सकाळधरून संध्याकाळपत्तर पिशव्याच मोजून राहिले. पोरी शिकल्या, खोटं कशाला बोलू. पण ती लहानी पोरं बघा की, तितं बांधावर उन्हात बसून राहिली."

"न्हाई म्हणायचं होतं."

"साहेब वाईट असता तर म्हणलं असतं," बाई म्हणाल्या. "चांगल्या माणसाला कसं न्हाई म्हणावं?"

परतीच्या येष्टीत माझं आणि आप्पांचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हणाले, बोअर घेऊ, हातांचं मागून बघू. ते म्हणाले, भोकरच्या बाईनं ह्येच केलं. मी म्हणाले, पिशव्या आणि पाणी यांत फरक आहे. पाणी नसलं तर राजी उद्या खडीच्या ढिगाजवळ तान्हं घेऊन बसेल, तिथं तिचे हात मोकळे असून कुणाशी बोलणार आहे ती? पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला. आप्पा परखी काढून तिच्या टोकानं सीटचं रेक्झिन उकरत राहिले. नांदेड आल्यावर म्हणाले, "वाईट माणसाला नकार कोणबी देतंय, बाई. आज माझी परीक्षा हाय." मला त्या क्षणी त्यांचा मनापासून संताप आला. राजीच्या पाण्यावर हे आपली परीक्षा देत होते.

साहेब पुन्हा आले तेव्हा आप्पांनी त्यांना हात जोडून नाही म्हटलं. साहेबांना खरंच वाईट वाटलं. "तुमच्या जागी मी असतो, तर घेतलं असतं," ते म्हणाले.

"तुमच्या जागी मी असतो, तर मीबी दिलं असतं," आप्पा म्हणाले.

दोघांनी एकमेकांना रामराम केला आणि जीप गेली. पुढच्या वर्षांत आप्पांनी एक नवी पद्धत पाडली. कुणी मदत घेऊन आलं की ते पाहुण्याला मुलांसमोर बसवत, तो काय देणार आणि बदल्यात काय मागणार ते खुणांनी मुलांना सांगत, आणि मुलांनाच विचारत, घ्यायचं का? पण ही अक्कल नंतरची. त्या उन्हाळ्यापर्यंत आप्पांनी मुलांना काही विचारलेलं नव्हतं. बोलायला शिकायचंय का, हे मीही कधी विचारलं नव्हतं.

जीप गेल्यावर आप्पांनी दुसरा मार्ग काढला. त्यांच्या लहानपणी गरीब पोरं वार लावून शिकायची, सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या. आप्पा म्हणाले, आपण वार नको, पावसाळ्यापर्यंत एकेक मूल एकेका घरातच ठेवू. लातुरात कितीतरी घरांत आड आहेत, काहींना अजून पाणी आहे. मुलांनी तिथं राहायचं, जेवायचं, आणि सकाळी दोन तास बाजारातल्या आडतीच्या ओट्यावर शाळेला यायचं. मला वाटलं, कोण तयार होणार? पण गाव तयार झालं. व्यापारी, कासार, मास्तर, दवाखान्यातली नर्स, गंजगोलाईच्या बाजारातला अत्तरवाला, सगळे पुढं आले. आणि आमच्यावर उपकार करणाऱ्या या लोकांची आप्पांनी परीक्षा घ्यायला सुरुवात केली.

मला लाजेनं मेल्यासारखं व्हायचं. पाणी मागून ते कुठल्या भांड्यातून येतंय ते बघायचे. उठून थेट परसात जायचे. घरातल्या सगळ्यात धाकट्या सुनेला विचारायचे, "पोटभर जेवता का, माय?" एका डॉक्टरच्या घरी मूल द्यायला त्यांनी साफ नकार दिला, कारण डॉक्टरीण बाई मुलाला सारखं 'बिचारा' म्हणत होत्या. डॉक्टर अजून त्या गोष्टीवरून चिडतात. काही मुलांना घर मिळालं नाही, ती आपापल्या गावी गेली. त्यांतली दोन मला पुन्हा दिसली नाहीत.

राजीसाठी आप्पांनी सगळ्यात जास्त घरं बघितली आणि शेवटी एक पसंत केलं. किराणा व्यापाऱ्याचं, त्यांच्याच समाजाचं, शिवभक्त घर. सारवलेलं अंगण, देवघरात बेलाची पानं, परसातल्या आडाला पाणी. सासूबाईंचं बोलणं मऊ, दोन्ही सुना हसतमुख. धाकटीला आप्पांनी ठरलेला प्रश्न विचारला, तर ती लाजून म्हणाली, "आत्याबाई आधी आमाला वाढतेत." आप्पांनी त्या घरात परखी खिशातून काढलीच नाही. दोन भाकरी खाल्ल्या, ताक पिऊन ढेकर दिली. निघताना सासूबाईंना म्हणाले, "माय, तुमच्या सुनांसारखी ठिवा हिला. दुसरं काय मागणं न्हाई."

"सुनंसारखीच ठिवते, आप्पा. काळजी नका करू," त्या म्हणाल्या.

दर सोमवारी आप्पा त्या घरी जात. राजी तेल लावून, वेणी घालून बाहेर येई. आप्पा हातानं विचारत, बरं हाय? ती हातानं सांगे, बरं आहे. आप्पा येऊन मला सांगत, "बघा, अशी घरं असत्यात. मुंबईहून आणावी लागत न्हाईत." ओट्यावरच्या शाळेत ती हल्ली उशिरा यायची, पेंगायची. भांडायची नाही, कुणाची चहाडी सांगायची नाही. मला वाटलं, मुलगी शहाणी झाली.

एकदा ती सलग दोन दिवस आली नाही म्हणून मी भर दुपारी मागच्या बोळातून त्या घरी गेले. परसाचं दार उघडं होतं. राजी आडावर होती. आडाचं पाणी खोल गेलेलं, रहाट मोडलेला. ती कमरेत वाकून दोरानं बादली वर ओढत होती. एक बादली घरात, एक रांजणात, मग पुन्हा दोर खाली. शेजारी खरकट्या भांड्यांचा ढीग. मला बघून ती आधी हसली आणि मग तिनं हात मागं लपवले. मी ते पुढं ओढले. तळवे सोलवटून निघाले होते, बोटांच्या पेरांवर भेगा होत्या, दोन बोटं तर तिला नीट मिटताही येत नव्हती. ज्या हातांनी ती जगाशी बोलायची, ते हात दोरानं खाल्ले होते.

मी ओरडले. घरातून सासूबाई आल्या, मागून सुना. कुणाच्याही चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचा भाव नव्हता. मी आडतीवर निरोप धाडला आणि आप्पा तुरुतुरु चालत आले. त्यांनी राजीचे हात बघितले. त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"माय, हे काय?" एवढंच ते म्हणाले.

"काय झालं ओ, आप्पा?" सासूबाई खरोखर गोंधळल्या होत्या. "सुनंसारखी ठिवा म्हणलाव तुमी. तशीच ठिवली. पोटाला कमी केलं न्हाई, अंगाला हात लावला न्हाई, आधी तिला वाढलं. आमच्या सुना बी आल्या तवा आडावरच होत्या की."

त्यांनी थोरल्या सुनेचा हात धरून पुढं केला. त्या तळव्यावरही घट्टे होते, जुने, पिवळे पडलेले. धाकटीनं आपले हात पदराखाली घेतले. आप्पांनी त्या घरात पाण्याचं भांडं बघितलं होतं, परस बघितलं होतं, आड किती खोल आहे तेही वाकून बघितलं होतं. पोटभर जेवतेस का म्हणून सुनेला विचारलंही होतं. तिचे हात बघायचं तेवढं राहून गेलं होतं. आता त्या बाईवर रागवायचं तरी कशावरून? तिनं वचन दिलं होतं आणि पाळलं होतं.

आम्ही राजीला घेऊन बोळात आलो. ऊन मरणाचं होतं. भिंतीच्या सावलीच्या पट्टीत आप्पा तिच्यासमोर धोतर सावरून उकिडवे बसले. दर सोमवारी मी येत होतो, त्यांनी हातांनी विचारलं. तू बरं आहे म्हणायचीस. मला का सांगितलं नाहीस?

राजीनं माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. सोललेल्या हातांनी तिनं सावकाश, एकेक करून खुणा केल्या.

त्या शाळेत हातांची भाषा आप्पांइतकी कुणालाच येत नव्हती. तरी ते मान वळवून माझ्याकडं बघायला लागले.

"काय म्हणली, बाई?"

"म्हणाली," मी सांगितलं, "तुम्हाला घर आवडलं होतं."